फेट्यात गाठ नसते

माझ्या मुलाखतीत मला गणितावर एकही प्रश्न विचारला गेला नाही.

जागा गणिताच्याच सहायक प्राध्यापकाची. कायम. एका जागेसाठी इतकी माणसं आली होती की कुस्त्यांचं मैदान भरलंय असं समजून एक फुटाणेवाला गाडी ढकलत कॉलेजच्या आवारात शिरला. शिरला तो अंधार पडेपर्यंत हलला नाही. त्या दिवशी त्या आवारातून काहीतरी मिळवून बाहेर पडलेला तेवढा एकच.

आत लांब टेबल. टेबलावर काजूकतलीची ताटली, पाण्याच्या बाटल्या आणि प्लास्टिकची फुलं. मधोमध संस्थेचे अध्यक्ष. त्यांना सगळे आबासाहेब म्हणतात. डाव्या हाताला प्राचार्य, उजव्या हाताला बाहेरून बोलावलेले दोन तज्ज्ञ. त्यातल्या एकाचे डोळे मिटलेले. गहन विचारात असतील म्हणून मी आदरानं नमस्कार केला. मग ते घोरले.

"पीएचडी कशात?" आबासाहेबांनी विचारलं.

"गाठींच्या गणितात."

आणि मी सुटलो. दोरीला गाठ मारा, म्हणालो, आणि दोरीची दोन्ही टोकं एकमेकांना जोडून टाका. आता ती गाठ न कापता सुटेल का? कुठली सुटते, कुठली जन्मात सुटत नाही, हे दोरीला हात न लावता नुसत्या गणितानं ठरवायचं. आपल्या पेशीतला डीएनएसुद्धा अशाच गाठी मारतो, म्हणालो. ज्या प्रश्नासाठी मी तारुण्य घातलं तो मी चार वाक्यांत सांगितला आणि श्वास घेतला.

"म्हंजे नाडीची गाठ," आबासाहेब म्हणाले.

टेबल हसलं. घोरणारे तज्ज्ञही जागे होऊन हसले. कशाला हसतोय हे त्यांना अजून कळलं नसेल.

"गाव?"

"उचगाव."

"उचगावात कुठं?"

मी गल्ली सांगितली.

"पावणं कुठलं तुमचं?"

हे जरा सांगायला पाहिजे. आम्ही कोल्हापूरची माणसं रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही पावणं म्हणतो. ती माया झाली. पण 'तुमचं पावणं कुठलं' हा प्रश्न वेगळा. आजोळ कुठलं, सोयरीक कुठं, हे एकदा सांगितलं की समोरच्याला जात कळते. आडनावावरून एखादवेळेस फसायला होतं, ह्यानं होत नाही. आमच्याकडं एक्स-रे मशीन यायच्या कितीतरी आधी हा प्रश्न आला आणि त्याचा रिपोर्ट आजवर चुकलेला नाही.

मी आजोळ सांगितलं. शिरोळकडचं. त्यातली वस्ती कुठली तेही विचारलं. तेही सांगितलं. आबासाहेबांनी प्राचार्यांकडं बघितलं. प्राचार्यांनी घड्याळाकडं. मुलाखत तिथं संपली होती. मला सोडून सगळ्यांना कळलं होतं.

"गाठींवर डॉक्टर झालाय," आबासाहेब म्हणाले, "मग फेटा बांधता येत असंल की."

"येतो," मी म्हणालो.

छाती फुगवून म्हणालो. का ते पुढं सांगतो.

"बांधा बघू."

तज्ज्ञांच्या सत्कारासाठी फेटे आणलेलेच होते. शिपायानं एक गुलाबी फेटा माझ्या हातात दिला. मी कोट काढला. खुर्चीवर ठेवला. नुकत्याच जाग्या झालेल्या तज्ज्ञांच्या मागं उभा राहिलो आणि चहाचा घोट घशाखाली उतरायच्या आत फेटा बांधून दिला. तुरा असा ताठ की वरचा पंखा बंद करावा लागला.

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. प्राचार्य म्हणाले, "वा." आबासाहेब म्हणाले, "ही कला हाय बरं का." मी कोट घातला आणि हवेत चालत घरी आलो. वाटेत आईसाठी पेढे घेतले.

मामा दारात बसला होता. आमचा मामा फौंड्रीत जन्म काढून आता निवृत्त आहे, आमच्या शेजारच्याच खोलीत राहतो. मी त्याला सगळं सांगितलं. टाळ्या सांगितल्या, पंखा सांगितला.

"आणि गणिताचं काय इचारलं?" मामा म्हणाला.

"गणिताचं नाही विचारलं."

मामानं तंबाखू दाताखाली सरकवली. मग म्हणाला, "मग तू मुलाखतीला गेलतास का लग्नाला?"

मला तेव्हा राग आला. मामाचा.

जागा आबासाहेबांच्या मेव्हण्याच्या जावयाला मिळाली. पावण्यातला माणूस. रेट काय होता, कुणी कुणाला काय पोचवलं, ते मी सांगत बसत नाही. ते कोल्हापुरात चहाच्या गाड्यावर उभं राहिलं तरी ऐकू येतं. मला त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर घेतलं. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याचे पैसे, सुट्टीत उपास, आणि दर वर्षी नव्यानं उमेदवार. असा मी अनेक वर्षांचा नवा उमेदवार आहे.

आता फेट्याचं.

मामाचा बाप, म्हणजे माझा आजा, लग्नात फेटा बांधून निघाला होता. उसना फेटा. वरात गावातनं चालली होती. पाटलाच्या वाड्यासमोर चार माणसं आडवी आली. मारलं नाही. शिवीही दिली नाही. एकजण फक्त म्हणाला, "काखेत." आज्यानं फेटा उतरवला, काखेत मारला आणि उघड्या डोक्यानं बायकोच्या पुढं चालत गेला. त्यानंतर मरेपर्यंत त्यानं डोक्याला काही घातलं नाही. भर मे महिन्यातही टोपी नाही. लोक म्हणायचे म्हातारा हट्टी. हट्टी होताच.

त्या एका शब्दावर मामा फेटा शिकला. शिकवणार कोण? मंगळवार पेठेत फेटे बांधून देणाऱ्या एका म्हाताऱ्याचं दुकान होतं. मामा समोर उभा राहायचा. जिथं बस थांबत नाही तिथं बसची वाट बघत. एक आख्खा उन्हाळा त्यानं न येणाऱ्या बसची वाट बघितली आणि त्या म्हाताऱ्याच्या बोटांकडं बघून सगळं उचललं. मग जयंतीच्या मिरवणुकीत आमच्या वस्तीतल्या प्रत्येक डोक्यावर मामानं निळा फेटा बांधला. बायांना, पोरींना, ज्यांना ऐकू येत नाही त्यांना, ज्यांना उठवत नाही त्यांना खाटेवर. मामा सांगतो की त्या वर्षी वस्तीतल्या बकऱ्यासुद्धा रांगेत उभ्या होत्या. मी त्यातलं निम्मं खरं धरतो.

मला त्यानं शिकवलं ते नियमांसकट.

"बांधणारा उभा, बांधून घेणारा बसल्याला," मामा म्हणायचा. "टोक त्याच्या दातात द्यायचं. मग तो बोलू शकत न्हाय. मामलेदार असू दे न्हायतर मंत्री, फेटा बांधूस्तवर गप बसतोय. तेवढा वेळ बोलायचं ते आपण."

म्हणून मी 'येतो' म्हणालो. मला वाटलं मी आज्याचं काहीतरी परत मिळवून सांगतोय. त्यांना ऐकू आलं की एक फेटेवाला फुकट मिळाला.

त्या दिवसापासून मी कॉलेजात 'फेटेवाले सर' झालो. थोड्या दिवसांनी 'सर' गळून पडलं. फेटेवाले. गॅदरिंग असो, पाहुणे असोत, कुणाच्या गाडीची पूजा असो. आबासाहेबांच्या नातवाच्या बारशाला मी बाळालाही फेटा बांधला. बाळ रडलं नाही. आख्ख्या घरात तेवढंच एक समजूतदार होतं.

एकदा मी वर्गात एक सिद्धता करत होतो. फळा निम्मा भरलेला. शेवटच्या बाकावरची एक पोर, जी कधी बोलत नाही, ती उभी राहून म्हणाली, "सर, थांबा. ती पायरी मला कळली. पुढचं मी सांगते." शिक्षकाच्या जन्मात असं वाक्य फार वेळा येत नाही. आणि शिपाई दारात. "फेटेवाले, आबासाहेबांनी बोलावलंय. पाहुणं आल्यात."

"तास चाललाय."

"त्यांनी आता बोलावलंय."

मी खडू ठेवला आणि गेलो. परत आलो तेव्हा वर्ग रिकामा होता. फळ्यावर निम्मी सिद्धता. त्या पोरीनं पुढची एक ओळ स्वतःच्या हातानं लिहून ठेवली होती. बरोबर लिहिली होती. खाली कुणीतरी, तिनं नसेल, एक फेटा काढला होता.

तुम्ही म्हणाल सोडायचं की असलं कॉलेज. दुसरीकडं जायचं. जग मोठं आहे.

जग बघून आलोय मी. कोल्हापुरात आता एवढे पीएचडी झालेत की रंकाळ्यावर भेळवाल्यानं 'डॉक्टर, तिखट किती?' म्हणून हाक मारली तर गिऱ्हाइकांतली निम्मी माना वळवतात. रसायनशास्त्रात पीएचडी झालेला माझा दोस्त मोटरसायकलवर लोकांची जेवणं पोचवतो. एकदा पार्सल घेऊन वरच्या मजल्यावर गेला, दार त्याच्या गाइडनं उघडलं. दोघांनीही ओळख दाखवली नाही. बिर्याणी गरम होती, एवढंच म्हणतो तो.

मी शाळेत गेलो. बी.एड. पाहिजे म्हणाले. बँकेत गेलो, वय. पुण्याच्या एका कंपनीत फोनवरची पोरगी इंग्रजीत गोड बोलली आणि शेवटी म्हणाली की तुम्ही ह्या कामासाठी फार शिकलेले आहात. इचलकरंजीत एका कापड व्यापाऱ्याकडं हिशेबाच्या कामाला गेलो. भला माणूस होता. चहा दिला. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तुमी चार दिवसांत माझ्याच चुका काढशीला. मला कमी शिकल्याला बगा की कोणतरी."

मग मी पीएचडी लपवायला शिकलो. बायोडाटातून ती वर्षं काढून टाकली. पुढच्या ठिकाणी विचारलं, "मधे एवढी वर्षं काय करत होता?" काय सांगू? जेलमध्ये होतो म्हणालो असतो तर निदान चौकशी करून घेतलं असतं. कमी शिकलो तेव्हा म्हणाले शिकून ये. शिकून आलो तर म्हणतात विसरून ये. माझ्या आईनं दुसऱ्यांच्या रानात भांगलण करून मला शिकवलं. ते विसरायचं कसं ह्याचा कोर्स कुठल्या विद्यापीठात आहे ते मी अजून शोधतोय.

आणि तरी मी त्या कॉलेजात टिकलो, कारण गणिताचे एक जुने सर पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. जागा निघणार होती. घरी आई रोज दारातच विचारायची, "काय म्हणत्यात?" तिला वाटायचं रोज काहीतरी म्हणत असतील. मी म्हणायचो, "बघू म्हणतात."

मग आबासाहेबांना डॉक्टरेट मिळाली.

मानद. कुठल्याशा बाहेरदेशीच्या विद्यापीठाची. मी ते विद्यापीठ नकाशात शोधलं. नकाशा संपला, विद्यापीठ सापडलं नाही. पण शहरभर फलक लागले. फलकावर आबासाहेब एवढे मोठे की एका चौकात त्यांच्या मिशीखाली आख्खा रिक्षास्टँड सावलीला बसायचा. खाली लिहिलेलं, 'डॉक्टर आबासाहेबांचा भव्य नागरी सत्कार'.

त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"डॉक्टर," ते म्हणाले. मला डॉक्टर म्हणायची ती त्यांची पहिली वेळ. आता आम्ही एका जातीचे झालो होतो ना. "सत्काराला फेटा असा बांधा की बाहेरच्या लोकांनी नाव काढलं पाहिजे. स्टेजवरच बांधायचा, व्हिडिओत झकास दिसतंय. पाहुण्यांना बांधायला अजून कोण असंल तुमच्यातलं तर घेऊन या. आणि उन्हाळ्यातल्या त्या जागेचं," ते थांबले, "ह्या टायमाला तुमचंच."

मी घरी आलो. आईनं विचारलं, "काय म्हणत्यात?"

"माझंच म्हणतात," मी म्हणालो. आईनं त्या दिवशी शेजारच्या तीन घरांत सांगितलं. कुणालाही सांगू नका असं बजावून सांगितलं, म्हणजे आख्ख्या वस्तीत कळलं.

मामा यायला तयार नव्हता. आईनं त्याला ओढून काढलं. "पोराच्या नोकरीचं हाय," म्हणाली. मामा आला. बाजूच्या खोलीत त्यानं पाहुण्यांच्या रांगेला फेटे बांधले. सगळे दातात टोक धरून, गप. त्या दिवशी कोल्हापुरात त्या खोलीएवढी शांतता कुठंच नव्हती.

सभागृह भरलेलं. माझे विद्यार्थी होते, कायम नोकरीतले सर होते, माझ्यासारखे तासिकावाले पाठीमागं खुर्च्या लावत होते. स्टेजवर आबासाहेब सोनेरी खुर्चीत. शेजारी ते प्रमाणपत्र घेऊन आलेले पाहुणे, सुटाबुटात. आबासाहेबांच्या कॉलरला माईक लावलेला, त्यांना तो आवडतो, हात हलवायला मोकळे राहतात. निवेदिका म्हणाली, "आता आपले फेटेवाले साहेबांना फेटा बांधतील."

मी फेटा घेऊन मागं उभा राहिलो. घड्या सोडल्या. पाहुण्यांनी माझ्याकडं कौतुकानं बघितलं.

"हे आमचं फेटेवालं," आबासाहेब त्यांना म्हणाले. माईकमुळं आख्ख्या सभागृहाला म्हणाले. "पीएचडी हाईत बरं का. आमच्या संस्थेत फेटा बांधायला पण डॉक्टर लागतोय."

सभागृह हसलं.

"हो का?" पाहुणे म्हणाले. "कुणाकडून शिकले?"

"त्यांच्या मामाकडनं. आणि गंमत बघा," आबासाहेब रंगात आले, "ह्यांच्यात पूर्वी फेटा घालायची पद्धत नव्हती. आता बघा कसा बांधत्यात."

ते कौतुक होतं. मी त्यांच्या बाजूनं अगदी इमानानं सांगतो, त्यांना ते कौतुकच वाटत होतं. पाहुण्यांनी मान डोलवली. पुढच्या रांगेतून एक-दोन टाळ्याही आल्या.

पद्धत नव्हती.

म्हणजे आम्हालाच आवडत नसे. म्हणजे आमचं डोकं उन्हाचं शौकीन होतं. आज्याच्या काखेतला फेटा मला दिसला. स्टेजच्या कडेला, पडद्याला धरून मामा उभा होता. त्यानं ऐकलं होतं. त्याच्या तोंडातली तंबाखू हलायची थांबली होती. मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं मला काही खूण केली नाही. नंतर लोकांनी सांगितलं की मामानं डोळा मारला. नाही मारला.

मी फेट्याचं टोक आबासाहेबांच्या तोंडापुढं धरलं.

"धरा साहेब. दातात."

त्यांनी धरलं.

मी पहिला पीळ दिला. दुसरा दिला. डोकं निम्मं झाकलं. मग हात थांबवला आणि बोललो. बोललो ते त्यांच्या डोक्यावर वाकून, त्यामुळं त्यांच्याच कॉलरच्या माईकमधून माझा आवाज आख्ख्या सभागृहात गेला. माझा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"साहेब, एक दुरुस्ती. पद्धत नव्हती असं नाही. बंदी होती."

सभागृहाला अजून हसायचं होतं. निम्म्यांनी तोंड उघडून तसंच ठेवलं.

"माझ्या आज्याचा फेटा त्याच्या वरातीत उतरवून काखेत धरायला लावला होता. त्याचा मुलगा तो पडद्यापाशी उभा आहे. पद्धत आणि बंदी हे दोन शब्द आहेत. व्याख्या चुकली की पुढचं सगळं गणित चुकतं. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी हेच शिकवतो."

"म्म्," आबासाहेब म्हणाले. टोक दातात होतं.

"तुम्ही मुलाखतीत मला गणितावर काही विचारलं नाही. न विचारता सांगतो. फेट्यात गाठ नसते. एकही नसते. ही नुसती गुंडाळी आहे, एका टोकाच्या जिवावर उभी. टोक तुमच्या दातात आहे. तोंड उघडलं की सुटलं."

आणि मी हातातलं कापड सोडलं. मागं सरलो.

आता गावात ह्याच्यापुढचं जे सांगतात ते असं की आबासाहेब एवढ्या जोरात ओरडले की फेटा स्टेजवरून उलगडत पायऱ्या उतरला, दारातून बाहेर पडला आणि टेंबलाईच्या उतारापर्यंत गेला, आणि त्यावरून एक केएमटीची बस घसरली. हे मी स्वतःच तीन-चार ठिकाणी सांगितलंय. ऐकायला बरं वाटतं.

झालं ते एवढंच. ते काही क्षण दात घट्ट धरून बसले. निम्म्या फेट्यात, एका कानावर कापड, पाठीमागं लांब शेपूट लोंबतंय. आख्खं सभागृह त्यांच्याकडं बघत होतं. बोलावं तर फेटा पडतो, न बोलावं तर फेटेवाला बोलून जातो. मोठा माणूस, पण पर्याय दोनच. शेवटी त्यांनी तोंड उघडलं.

"ह्याला कुणी आत—"

फेटा मांडीवर पडला.

मी स्टेजवरून उतरलो. कुणी अडवलं नाही. पाठीमागच्या रांगेत एक तासिकावाला मित्र खुर्ची उचलून उभा होता. ती त्यानं तशीच धरून ठेवली होती, खाली ठेवायची विसरून. शेवटच्या बाकावरची ती पोर दाराजवळ उभी होती. मी जवळून गेलो तेव्हा तिनं मान खाली घातली नाही.

बाहेर मामानं तंबाखू थुंकली.

"निम्म्यात सोडलास," म्हणाला.

"व्हय."

"टोक नीट दिलतंस न्हवं दातात?"

"दिलतं."

"मग घरला चल. अक्काला तू सांगायचं. मी न्हाय सांगणार."

आईला मी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, म्हणेल, बरं केलंस. ती तसं म्हणाली नाही. ती म्हणाली, "म्हंजे न्हाय ना मिळणार आता." आणि चुलीपुढून उठून आत गेली. तिच्या पाठीला मी काय सांगू शकत होतो? तिचा बाप अपमानात गेला, भावानं फौंड्रीत फुफ्फुसं घालवली, तिनं रानात कंबर. तिघांच्या जन्माच्या वरती मला एक खुर्ची पाहिजे होती, आणि ती मी एका शब्दापायी लाथाडली. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. मला त्याची किंमत चांगली माहीत आहे. म्हणूनच राग आहे. एका चुकीच्या शब्दाला बरोबर करायची किंमत माणसाची भाकरी का असावी?

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांचा मेसेज आला की तुमचे तास दुसऱ्यांना दिलेत. खाली हात जोडल्याचं चित्र. कायम नोकरीतल्या दोन सरांनी मला पेट्रोलपंपावर गाठून पाठ थोपटली, आधी इकडंतिकडं बघून. त्यातल्या एकानं हळूच विचारलं की पोरीच्या लग्नात फेटे बांधायला याल का. त्याला कळलंच नव्हतं. भल्या माणसांना पण कळत नाही.

आता मी उचगावात घराच्या पुढच्या पत्र्याखाली पोरं शिकवतो. ती पोर येते. निम्मी राहिलेली सिद्धता आम्ही पहिल्याच दिवशी पुरी केली. त्यात मी सुखी आहे असं कुणी समजू नये. पत्रा तापतो. पावसात फळा पुसला जातो. मी गाठींच्या गणितात काम करणारा माणूस आहे, मला ग्रंथालय पाहिजे, वर्ग पाहिजे, पगार पाहिजे. मला ते माझ्या कामाचं म्हणून पाहिजे. बक्षीस म्हणून नको, उपकार म्हणून तर नकोच.

जयंतीला मी फेटे बांधतो. मामाचे हात आता थरथरतात, म्हणून आख्खी वस्ती माझ्याकडं आहे. ह्या वर्षी आईनं बांधून घेतला. टोक दातात धरून ती गप बसली होती आणि माझ्याकडं वर बघत होती. मी टोक तिच्या दातातून सोडवून घेतलं आणि घट्ट आत खोचलं.

उन्हाळ्यात त्या जागेची जाहिरात निघेल. आबासाहेब तेच, टेबल तेच, काजूकतली तीच. लोक म्हणतात आता तिकडं फिरकू नकोस. मी फिरकणार. अर्ज करणार. नाव पुकारलं की आत जाणार आणि त्या टेबलासमोर बसणार, कोट अंगात ठेवून. गाव विचारलं तर सांगेन. पावणं विचारलं तर आजोळ, वस्ती, गल्ली, सगळं न विचारता सांगेन, आणि मोठ्यानं सांगेन, म्हणजे बाहेर ताटकळणाऱ्यांनाही ऐकू जाईल. मग फेट्याचं विचारतील.

येतो, म्हणेन. तुम्हाला बांधणार नाही.

आता गणित विचारा.